तूर्तास

वारा सुटला की बोट बंद, आणि बोट बंद झाली की
बेटावर दोनच गोष्टी पोचतात:
रेडिओवरचं हवामान,
आणि माझ्या पडद्यावर नवं संशोधन.

आज बारा निबंध आलेत.
पहिल्यात गुडघे. दुसऱ्यात झोप.
तिसऱ्यात उंदीर. उंदरांना मी बाजूला ठेवते.
सारेमाच्या या दक्षिण टोकाला माझ्या यादीत
चौदाशे बारा माणसं आहेत, उंदीर एकही नाही.

चौथ्यावर चहा निवला.
हजारो म्हातारी माणसं, काळीज धडधाकट,
कधी झटका न आलेली.
अर्ध्यांना रोज ॲस्पिरिनची ती छोटी पांढरी गोळी,
अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण पोकळ.
वर्षानुवर्षं मोजत बसले.
गोळीने झटके फारसे अडवले नाहीत,
रक्तस्राव मात्र वाढवला.

अगदीच नवं नाही हे. कुणकुण होती कधीची.
मी कुणकुणीला पुढची तारीख देत आले,
जशी माणसांना देते.

मग यादी उघडली. कोण घेतं, कधीपासून, कुणी सांगितलं.
कुणी सांगितलं या रकान्यात
वरपासून खालपर्यंत माझंच नाव,
शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं.

सकाळी एल्मार आला. वय एक्याऐंशी.
अंगाला जुनिपरच्या धुराचा आणि माशांचा वास,
दंडावर जांभळे डाग.
"काही नाही, होडीला घासलं."
होडी तर ऑक्टोबरपासून पालथी पडली आहे.

मी म्हटलं, ती सकाळची गोळी आता थांबवू या.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं जाळ्यात आलेल्या अनोळखी माशाकडे पाहतात:
परत टाकावा की घरी न्यावा.

"मग तेव्हा चुकलं कोण?"

उर्वे, माझी नर्स, खिडकीबाहेर बघू लागली.
विज्ञान असंच पुढे जातं वगैरे
वाक्य माझ्या तोंडात तयार होतं,
औषध कंपनीने फुकट दिलेल्या पेनासारखं गुळगुळीत.
"मी," म्हटलं. "तेव्हा ठाऊक होतं तेवढ्यावर.
पण सांगितलं मीच."

तो "हुं" म्हणाला.
इथल्या माणसांचं हुं विहिरीसारखं असतं,
आत टाकलेल्या खड्याचा आवाज यायला वेळ लागतो.

मग म्हणाला,
"साल्मे ती गोळी अंड्याच्या पेल्यात ठेवायची.
निळा, एका बाजूला टवका उडालेला.
ती गेली त्याला चार हिवाळे झाले.
आता रात्री मी ठेवतो, सकाळी मला सापडते.
रात्रीचा मी सकाळच्याला काही सांगत नाही."

गोळी अंड्याच्या पेल्यात का, मी विचारलं.

"पेला रिकामाच होता ना.
अंडी तूच बंद केलीस, अठ्ठ्याण्णव साली.
कोलेस्टेरॉल म्हणालीस.
दारावर तुझं नावसुद्धा रंगवलेलं नव्हतं तेव्हा."

उर्वेचे खांदे हसू लागले. पाठ तशीच.

अंड्यांबद्दलचं मत बदललं त्यालाही वर्षं झाली.
तो निबंध मी वाचला होता, खाली रेघही मारली होती.
सांगायचं राहिलं.
कुणी विचारलंच नाही,
आणि न विचारलेल्या प्रश्नांना माझ्याकडे
दर माणशी दहा मिनिटांत जागा नसते.

"खा," मी म्हटलं. "रोज एक खाल्लंत तरी चालेल."
"नक्की?"
"तूर्तास."

हा शब्द त्याने जिभेवर फिरवून पाहिला,
काटा आहे का चाचपत.
टोपी घातली. दारात वळला.
"मऊ उकडलेलं?"
मऊ उकडलेलं.

संगणकात बंद केलेल्या औषधाला रकाना आहे,
कारणालाही आहे. रक्तस्रावाचा धोका, मी लिहिलं.
अंडं सुरू केलं, हे नोंदवायला जागा नाही.

यादीत अजून एकशे सहा नावं.
बोट अजून बंदच.
फोन ओढते जवळ. पलीकडे खूप वेळ घंटा,
मग कुणीतरी भिंत धरत धरत येऊन उचलतं.

"हॅलो, मी डॉक्टर कायरे.
नाही, नाही, वाईट काही नाही.
मी तुम्हाला मागे एकदा एक सांगितलं होतं..."